सहाशे चाळिसावं अक्षर

कोल्हापुरात बसून माणसाच्या जीनमधला बिघाड नेमका कितव्या एक्सॉनवर आहे हे सांगणारा पहिला माणूस मी. दुसरा कुणी असेल तर त्यानं पुढं यावं. मी त्याला मिसळ चारीन आणि खोटा ठरवून परत पाठवीन.

नव्या शतकाची तीन-चार वर्षं उलटली होती. हैदराबादला आठ दिवसांची कार्यशाळा करून परतलो, तेव्हा छाती इतकी फुगलेली होती की स्टँडवरून घरी येताना रिक्षात तिरका बसलो. कार्यशाळेत एक इंटरनेटवरचा डेटाबेस दाखवला होता. माणसाचं सगळं जनुकीय बाड त्यात अक्षर न् अक्षर उतरवून ठेवलेलं, आणि कुणालाही उघडून बघायची मुभा. अमेरिकेतल्या माणसाला जेवढं दिसतं तेवढंच कोल्हापूरच्या माणसाला दिसतं, ही कल्पनाच मला चढली. स्थानिक पेपरात माझ्याबद्दल बातमी आली. बातमी मीच लिहिली होती, त्यामुळं तिच्यात कमी असं काही नव्हतं.

आमच्या प्राणिशास्त्र विभागात एकच संगणक. बेडकांच्या बरण्या एका बाजूला, पट्टकृमींच्या दुसऱ्या बाजूला आणि मधे हा. इंटरनेट टेलिफोनच्या तारेवरून यायचं. जोडणी लागताना मोडेम असा किंचाळायचा की शेजारच्या वनस्पतिशास्त्राच्या बाई धावत येऊन विचारायच्या, "सर, कुणाचा हात दारात अडकला का?" एक पान उघडायला लावून मी मिसळ खायला जायचो, वर कट मागून घ्यायचो, पान खायचो, परत यायचो, तरी पडद्यावरचं पान कपाळापासून भुवयांपर्यंतच उतरलेलं असायचं. मग तार तुटायची. म्हणून आम्ही एक पद्धत बसवली होती. पान पूर्ण आलं रे आलं की छापून घ्यायचं आणि मोजणी कागदावर करायची. कडेला भोकं असलेला तो लांबलचक कागद प्रिंटरमधून करकरत बाहेर यायचा. पहिलं पान कायम वाकडं निघायचं, अर्धं चुरगळलेलं. ते आम्ही फाडून टाकायचो. टाकायचो म्हणजे कपाटाच्या फळीवर अंथरायचो आणि त्यावर चहाचे ग्लास ठेवायचो. त्या पहिल्या पानावर काय असतं ते वाचायची मला कधी गरज वाटली नाही. हे शोधलं कोणी, कधी, कुठं, असली पत्रिका असायची.

एक्सॉन म्हणजे काय, हे मी कुणालाही कोल्हापूर–आजरा रस्त्यावरून समजावून द्यायचो. जीन म्हणजे तो रस्ता. रस्त्यावर गावं आहेत आणि गावांच्या मधे मोकळी शेतं. गावं म्हणजे एक्सॉन. प्रथिन बनवायचा मजकूर त्यांच्यातच असतो. दोष कितव्या गावात आहे हे कळलं की लॅब नेमक्या त्याच गावात उतरते आणि घर न् घर झडती घेते. त्या काळी लॅब एका वेळी एकच गाव वाचायची. गाव सांगायचं काम माझं.

तर त्या रस्त्याच्या दुसऱ्या टोकाहून, आजऱ्याहून, एक दिवस चौघं आले. पुढं आप्पा. काजूचे व्यापारी, कपाळावर विभूतीचे तीन पट्टे, आवाज असा की बरणीतल्या बेडकांचे पाय हलले. त्यांच्या शेजारी धाकटा मुलगा, तालमीत घडलेला. मान कुठं संपते आणि डोकं कुठं सुरू होतं हे डेटाबेसलाही सांगता आलं नसतं. चार पावलं मागं आप्पांचा मेव्हणा, मुरगूडचा. आणि त्याच्याही मागं मेव्हण्याची धाकटी मुलगी, विशीतली, दाराच्या आत येऊन थांबलेली.

"तुम्हीच का त्ये जीनवालं सर?"

"मीच की. बसा पावणं."

आप्पांनी हकीकत सांगितली. मेव्हण्याची थोरली मुलगी त्यांच्या थोरल्या मुलाला दिलेली. मामाची मुलगी करायची आमच्याकडं रीतच आहे. त्यांना मुलगा झाला. बसायला शिकला, उभा राहिला, चालला. दीड वर्षाचा झाला आणि चालणं विसरायला लागला. मग उभं राहणं गेलं, मग बसणं, मग बोलणं, शेवटी गिळणं. जे जे शिकला होता ते उलट्या क्रमानं एकेक परत देऊन, चौथ्या वर्षी गेला. जाण्याआधी त्याचं रक्त मुंबईमार्गे परदेशी जाऊन आलं होतं. कागदावर जीनचं नाव होतं आणि लिहिलं होतं की सहाशे चाळिसाव्या जागी सी या अक्षराऐवजी टी हे अक्षर आलं आहे. एक्सॉन लिहिला नव्हता.

आता धाकट्याची सुपारी फुटली होती, मेव्हण्याच्या धाकट्या मुलीशी. डॉक्टर म्हणाले होते, लग्नाआधी दोघांचंही रक्त मुंबईला पाठवा, दोष कितव्या एक्सॉनवर आहे तेवढं कुणाकडून तरी शोधून आणा. आप्पांनी त्यातलं निम्मं ऐकलं होतं.

"पोरीचं रगत धाडायचं हाय," ते म्हणाले. "कुठलं गाव वाचायचं तेवढं तुम्ही सांगा."

मी विद्वान माणूस, सिद्धांत सांगितल्याशिवाय सोडतो होय? सांगितलं की हा दोष आई आणि बाप दोघांकडून यावा लागतो. एकाच्यात असला तर काही होत नाही. दोघांच्यात असला तर चारातलं एक मूल जातं.

"आमच्या घराण्यात असलं काय न्हाय," आप्पा म्हणाले. "आलंय त्ये हिकडनं." आणि मागं न बघता अंगठा मेव्हण्याकडं केला.

आप्पांची बायको त्याच मेव्हण्याची सख्खी बहीण. म्हणजे दोष आप्पांच्या घरात केव्हाच नांदायला आलेला. हे सांगायला मी तोंड उघडलं आणि नेमका चहा आला. चहा चांगला होता.

तेवढ्यात दाराशी उभी असलेली मुलगी म्हणाली, "सर, ह्यांचं रगत न्हाय बघायचं?"

खोली गप्प झाली. पैलवानानं जमिनीकडं बघितलं. आप्पांनी माझ्याकडं बघितलं. खोली गप्प असली की माझ्या अंगात येतं. मी म्हटलं, "अगं पोरी, बाजारात गाय घेताना गायीचे दात बघतात. दावणीच्या बैलाचे कोण बघतंय?"

आप्पा असे हसले की ग्लासातला चहा त्यांच्या विभूतीपर्यंत उडाला. पैलवान हसला. मुरगूडचा मेव्हणाही हसला. मुलीच्या बापाला हसावं लागतं. मुलीनं ओठ मिटले. त्यानंतर बराच काळ मी तिचे दात पाहिले नाहीत.

मग मी माझी जादू दाखवली. मोडेम किंचाळला, चौघं दचकले. पडद्यावर जीन उमटला, जाड ठोकळे आणि त्यांना जोडणारी बारीक रेघ. "ही गावं," मी म्हटलं, "आणि ही शेतं." कुठलं गाव कितव्या अक्षरापासून कितव्यापर्यंत ते वहीत उतरवून घेतलं. मग अक्षरांची पानं छापायला सोडली. लोकांना मी सांगतो की तो कागद रंकाळ्याला वेढा घालून उरला. खरं म्हणजे टेबलावरून दारापर्यंत गेला आणि मुलीच्या पायाशी थांबला. पहिलं पान पद्धतीप्रमाणं फाडलं.

एका ओळीत साठ अक्षरं, ओळीच्या सुरुवातीला आकडा छापलेला. सहाशे एकच्या ओळीवर बोट ठेवलं आणि चाळीस अक्षरं मोठ्यानं मोजली. चौघंही माझ्याबरोबर ओठ हलवत होते.

"कागदात मूळ अक्षर काय दिलंय, आप्पा?"

"सी."

"आणि इथं काय आहे?"

आप्पांनी चष्मा लावून वाकून बघितलं. "सी हाय की हो!"

"चौथा एक्सॉन," मी म्हणालो आणि टोपण लावून पेन खिशात ठेवलं, तलवार म्यान केल्यासारखं.

त्या भाषेत चारच अक्षरं असतात. डोळे मिटून कुठंही बोट ठेवलं तरी चारातून एकदा जुळतं. हे तेव्हा मला माहीत नव्हतं असं नाही. मी ते वर्गात शिकवायचो.

कॉलेजच्या कागदावर पत्र लिहून दिलं: चौथा एक्सॉन वाचावा. विभागाचा शिक्का सापडेना, म्हणून जिमखान्याचा मारला. मुंबईहून महिन्याभरात उत्तर आलं की चौथ्या एक्सॉनवर दोष नाही. आप्पांचा फोन आला तो मला रिसीव्हर कानापासून हातभर लांब धरून ऐकावा लागला. "सर! पोरगी बावनकशी!"

लग्नात मला फेटा बांधला. मठातून आलेल्या स्वामींच्या शेजारची खुर्ची दिली. दोन शब्द बोला म्हणाले. मी बोलायला लागलो, आणि लोकांच्या हातातल्या अक्षतांचा भात शिजायची वेळ आली तरी थांबलो नाही. विज्ञान काय, कोल्हापूर काय, आजरा काय. नवरी खाली मान घालून बसली होती. नवऱ्या तशाच बसतात.

पुढं उन्हाळ्याआधी आमची प्रॅक्टिकलची धांदल सुरू झाली. जयसिंगपूरहून रोज रेल्वेनं येणारी एक विद्यार्थिनी होती. बोलायला तिखट, कामाला पक्की. कपाट आवरताना तिनं चहाच्या ग्लासाखालचं पान उचललं. त्यावर ग्लासांचे गोल एकात एक उमटलेले, आणि वर आजरेकरांच्या त्या जीनचं नाव.

"सर, आपण मोजतो कुठनं?"

"पहिल्या अक्षरापासून. दुसरं कुठून मोजतात?"

"मग ह्ये बघा की. हितं लिवलंय, प्रथिनाचा मजकूर एकशे एक्कावन्नाव्या अक्षरापासून सुरू होतो. त्याच्या आधीची दीडशे अक्षरं नुसती प्रस्तावना हाय. आणि डॉक्टरी कागदातलं आकडं मजकुराच्या सुरुवातीपासनं मोजतात, असं तुमच्या कार्यशाळेच्या पुस्तकातच हाय. म्हंजे आपलं दीडशेनं चुकतंय न्हवं?"

एस.टी. डेपोतून निघते, स्टँडवर लागते आणि तिकिटाचे टप्पे स्टँडपासून मोजतात. डेपोपासून स्टँडपर्यंतची वाट तिकिटात धरत नाहीत, हे कंडक्टरच काय, रोजच्या प्रवाशालाही ठाऊक असतं. मी डेपोपासून मोजलं होतं आणि एक गाव अलीकडं उतरलो होतो.

मी त्या पोरीला म्हटलं, "तुझं काम बेडूक कापायचं आहे. रद्दी वाचायचं नाही." प्रॅक्टिकलला तिला काठावर पास केलं. आता ती कुठल्याशा मोठ्या प्रयोगशाळेत आहे म्हणे. जयसिंगपूरचं कुणी भेटलं की मी सांगतो, माझीच विद्यार्थिनी.

ती गेल्यावर दार लावून मी पुन्हा मोजलं. सहाशे चाळीस अधिक दीडशे. सातशे नव्वद. तिथंही सी. पाचवा एक्सॉन.

त्याच आठवड्यात आप्पांचा फोन येऊन गेला होता. सुनेला तिसरा महिना लागला होता.

आता इथं थापा मारायच्या तर जागा भरपूर आहे. आजारी पडलो, पूर आला, तार तुटली. यातलं काही झालं नाही. मी रोज ठरवायचो आणि रोज पेपर तपासायला बसायचो. तेव्हा सांगितलं असतं तर पोटातल्या मुलाची तपासणी करून पुढचं काही ठरवता आलं असतं. त्याला कायद्यानं मुदत असते. मुदत मला माहीत होती. ती मी भिंतीवरच्या कॅलेंडरवर जाताना बघितली. आणि ती संपली तेव्हा मला हलकं वाटलं. आता सांगून काही उपयोग नव्हता. तेव्हा न सांगितल्याचा दोषही उरला नव्हता. विद्वान माणसाला असले हिशेब झटकन जमतात.

सातव्या महिन्यात डोहाळजेवणाचं बोलावणं आलं. अशा प्रसंगी पुरुषाचं काय काम, पण आप्पांनी मला घरचा देव करून ठेवलेला. गेलो. ओसरीवर काजूच्या बियांची पोती रचलेली. कारखान्याच्या पडवीत बायका हाताला राख चोळून बिया फोडत होत्या. टरफलातलं तेल हाताला लागलं की कातडी सोलवटते. थोरली सून त्यांच्यात बसली होती. धाकटी आत हिरव्या साडीत, ओटी भरून घेत होती.

आप्पांना मी पडवीच्या मागं नेलं आणि म्हणालो, "लॅबनं चौथा वाचला, पाचवा वाचायचा राहिला. खात्री म्हणून वाचून घेऊ." वाक्याचा शब्द न् शब्द खरा होता. त्यात मी कुठंच नव्हतो.

आप्पांनी आजूबाजूला कुणी नाही ना ते बघितलं. मग म्हणाले, "पोरीचंच रगत न्हवं?"

मी म्हणालो, "पोरीचंच."

मुंबईहून कागद आला. पाचव्या एक्सॉनवर दोष आहे, आईबापाकडून आलेल्या दोन प्रतींपैकी एका प्रतीत. मी फोनवर सांगितलं की एका प्रतीत म्हणजे तिला स्वतःला काही नाही. बापाकडूनही तसाच आला तरच मुलाला धोका. "आमच्याकडनं कसा येईल?" आप्पा म्हणाले. या वेळी मधे चहा आला नाही. तरी मी बोललो नाही.

पहिलं बाळंतपण माहेरी, ही रीतच आहे. तिला आठव्या महिन्यात मुरगूडला पोचवली. आणायला मात्र कुणी गेलं नाही. थोरलीला ठेवून घेतली. काजू फोडायला हात लागतात. मुलगा झाल्याचा निरोप आला तेव्हा आप्पांनी पेढ्याऐवजी मुरगूडला वकिलाचा कागद पाठवला: दोष लपवून मुलगी दिली. सोबत माझ्या पत्राची प्रत जोडली होती, जिमखान्याच्या शिक्क्यासकट.

वर्षानं, धाकट्याची सोडचिठ्ठी उरकून, आप्पा पुन्हा आले. "सर, गडहिंग्लजकडची पोरगी बघितलीया. तिचा पाचवा तेवढा बघून घ्या."

मी बघून घेतला. पहिलं पान फाडलं नाही. पत्र बिनचूक लिहिलं, विभागाचा शिक्का मारला. पोरगी खरोखरच निर्दोष निघाली. ते लग्न झालं. फेटा नको म्हणालो, एवढा मी बदललो. तिला पुढं दोन मुलं झाली, दोन्ही अंगणभर धावतात, आणि आजऱ्यात ते धावणं म्हणजे दोष मुरगूडचा असल्याचा दाखला झालं. पैलवानाचं रक्त आजतागायत कुणी काढलेलं नाही.

त्या लग्नानंतर काही महिन्यांनी, दुपारच्या तासाआधी, ती विभागात आली. मुरगूडची. कडेवर पावणेदोन वर्षांचा मुलगा. बाप बाहेर बाकावर बसला, आत आला नाही. मुलगा देखणा होता. बरण्यांकडं बोट करून काहीतरी म्हणाला. ती माझ्या टेबलापाशी येऊन उभी राहिली आणि त्याला परत नेऊन दाराशी उभा केला. मग टेबलाकडं आली.

"सर, मोजा."

"काय?"

"पावलं. तुम्हाला मोजायला येतंय न्हवं? पहिल्यापासनं मोजा."

तिनं हात पुढं केले. मुलगा हसत निघाला. गुडघे आत वळलेले, टाचा उचललेल्या. स्टुलाला धरलं, सोडलं, पुन्हा निघाला आणि माझ्या टेबलाच्या अलीकडं बसला.

"नऊ," मी म्हणालो.

"गेल्या सोमवारी चौदा हुती." तिनं त्याला उचललं, धूळ झाडली. "आता लिवून द्या. पोराला झालंय म्हंजे बापातबी हाय. एवढंच. दुसरं काय नको."

याहून सोपं गणित आमच्या विषयात नाही. मी ते दरवर्षी फळ्यावर काढतो. मी पेन काढलं, टोपण काढलं. डोळ्यासमोर वकिलाच्या त्या कागदाला जोडलेलं माझं पहिलं पत्र आलं. दुसरं पत्र लिहिलं की कुणीतरी दोन्ही शेजारी ठेवणार आणि विचारणार, तेव्हा मोजलं कुठनं? मी टोपण परत लावलं.

"विभागाचा शिक्का सापडत नाहीये," मी म्हणालो. "उद्या ये."

ती हसली. इतक्या दिवसांनी तिचे दात दिसले.

"मग जिमखान्याचा मारा की, सर."

मी ड्रॉवर उघडला. दोन्ही शिक्के तिथंच होते, शेजारी शेजारी. ती टेबलाच्या त्या बाजूला होती, तिला दिसत नव्हते. मी ड्रॉवर बंद केला.

तिनं पदर खोचला. मुलाला कडेवर घ्यायला वाकली, पण तो हट्टाला पेटला. त्याला चालायचं होतं. तिनं सोडला. तो टेबलापासून दाराकडं निघाला, बरण्यांच्या कपाटाला हात लावत, आई मागं एक पाऊल. बाहेर बाकावर आजोबा उठून उभे राहिले होते. मला कुणी मोजायला सांगितलं नव्हतं.

आठ.